खेळाच्या फाइलींतून संगीत काढताना

जळगावात मे महिन्यातली दुपार म्हणजे दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसण्याची वेळ. अशाच एका दुपारी, लहानपणी भावासोबत प्लेस्टेशनवर खेळलेल्या खेळाचे संगीत डिस्कवरील फाइलींतून काढण्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. १९९४ साली आलेल्या या यंत्रात आवाज एडीपीसीएम या आवाज कमी जागेत मावण्याच्या पद्धतीने आकसून ठेवलेला असतो: १६ बाइटांच्या प्रत्येक गटात पहिला बाइट उलगडण्याची रीत सांगतो, दुसऱ्यात खुणा असतात आणि उरलेल्या १४ बाइटांतून २८ नमुने (क्षणाक्षणाला मोजलेली आवाजाची पातळी) मिळतात.

माझी पहिली फाइल दुप्पट वेगाने, चिरक्या आवाजात वाजली, कारण नमुन्यांचा दर सेकंदाला २२,०५० असताना मी ४४,१०० लिहिला होता आणि हेडर (सुरुवातीचा माहितीचा भाग) नसलेल्या त्या फाइलीत दराची नोंदच नव्हती.

खरी काळजी घ्यावी लागते ती दुसऱ्या बाइटाची. धून पुन्हा कुठून सुरू व्हायची हे तोच सांगतो, आणि नुसते नमुने वेव्ह फाइलीत उतरवले की ही खूण गळून पडते, जे मला फार खटकते. म्हणून स्क्रिप्ट आता ती जागा शोधून वेव्हच्या ‘एसएमपीएल’ या, पुनरावृत्तीच्या जागा नोंदवणाऱ्या भागात लिहिते. तयार साधन हवे असल्यास व्हीजीएमस्ट्रीम उत्तम आहे.

रात्री भुसावळच्या भावाला ती धून फोनवर ऐकवली, तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंत जोड नेमका कुठे आहे हे त्याला ओळखता आले नाही.