उठताना दुखतं

आमच्या मैदानाच्या कडेला साहित्याची पत्र्याची खोली आहे. तिच्या दारावर मी खडूने लिहून ठेवलं होतं, 'एक मैदान, एक खेळ'. पावसाळ्यात पुसून जायचं, मी पुन्हा लिहायचो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी क्रीडाशिक्षक आहे. मुलींना खो-खो शिकवतो, त्याला आता 19 वर्षं झाली.

हा नियम मी उगाच केला नव्हता. राज्य स्पर्धा आठवड्यावर आली असताना माझी सगळ्यात चांगली संरक्षक शेजारच्या गावात कबड्डीच्या सामन्याला गेली आणि गळ्याजवळचं हाड मोडून आली. पहिल्याच फेरीत आम्ही घरी परतलो. तेव्हापासून माझ्या मुलींना कबड्डी बंद, धावण्याच्या स्पर्धा बंद, गणपतीतली रस्सीखेचसुद्धा बंद. पालकांची कधी तक्रार आली नाही. दहावीचे क्रीडागुण आणि पुढे नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण त्यांना माहीत असतं. 'सर म्हणतील तसं,' एवढंच ते म्हणतात. हे ऐकायला फार गोड वाटतं, हेही कबूल करतो.

2023 च्या सप्टेंबरात एका कागदावर सही हवी म्हणून मी साताऱ्याला शाहू क्रीडा संकुलात गेलो होतो. तिथे 14 वर्षांखालच्या मुलींची 600 मीटरची शर्यत लागत होती. काम झालं होतं, गाडीला वेळ होता, म्हणून कठड्याला टेकून उभा राहिलो. सुरुवातीच्या रेषेवर बाहेरच्या बाजूला उभी होती आमची चिमणी.

चिमणी हे मैदानावरचं नाव. खरं सांगत नाही. तेरा वर्षांची, सातवीतून आठवीत गेलेली, आणि गेल्या वर्षभरात एवढी उंच झालेली की बुटांचे दोन जोड बदलले. माझ्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांनी तिचं नाव दिलं होतं. तालुक्याला ती पहिली आली होती. मी तेव्हा मोठ्या मुलींना घेऊन बाहेरगावी होतो आणि परत आल्यावर मला कुणीही सांगितलं नव्हतं. सगळ्या शाळेला माहीत, मी सोडून.

600 मीटर म्हणजे ट्रॅकच्या दीड फेऱ्या. मुली सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि शेवटी तोंड उघडं टाकून चालायला लागतात. ही मात्र पाचवी राहिली. खांदे सैल, नजर पुढच्या मुलीच्या वेणीवर. शेवटच्या वळणावर एकेकीला मागे टाकत दुसरी आली. रागाने माझी कानशिलं तापली होती, पण डोळे प्रशिक्षकाचेच. पोरगी धावत सुरेख होती.

मग ती बुटाची नाडी बांधायला उकिडवी बसली आणि उठेना. उजवा पाय बाजूला काढला, तळहात जमिनीवर रोवला, डाव्या पायावर सगळा भार घेऊन वर आली. म्हातारी माणसं जात्यावरून उठतात तशी. आठ चौकांतल्या माझ्या आठ मुलींमध्ये सगळ्यात आधी उसळणारी मुलगी ती.

मी कठडा ओलांडून गेलो आणि तिच्याशी न बोलता आधी त्या शिक्षकांवरच घसरलो. "पाय घालवलात पोरीचा! म्हणूनच म्हणतो मी, दोन दोन खेळ नको." ते बिचारे गप्प राहिले. चिमणीही गप्प. तिच्या वडिलांना फोन लावला, तर ते म्हणाले, "सर, तुमच्या हवाली केलीय. काय ते बघा."

ओळखीचे हाडांचे डॉक्टर होते, तिला तिथेच घेऊन गेलो. त्यांनी गुडघ्याच्या वाटीला हातच लावला नाही. वाटीच्या खाली, नडगी जिथे सुरू होते तिथे अंगठ्याने दाबलं. तिने श्वास आत ओढला. दोन्ही गुडघे शेजारी ठेवल्यावर मला दिसलं, उजवीकडे सुपारीएवढा उंचवटा. रोज समोर असलेल्या पोरीचा गुडघा मी कधी बघितला नव्हता.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही महिने झालेत."

मी तिच्याकडे बघितलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "उन्हाळी शिबिरापासून दुखतंय, सर."

"आणि तरी धावलीस?"

"धावताना कमी दुखतं. उठताना दुखतं."

एक्स-रे आल्यावर डॉक्टरांनी समजावलं. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या या टोकाला धरलेला असतो. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, कूर्चा असते. उंची झपाट्याने वाढते तेव्हा स्नायू ताणलेला राहतो, आणि त्यात गुडघा पूर्ण वाकवून जोरात उसळी मारली की प्रत्येक वेळी त्या टोकाला हिसका बसतो. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ संपली की बहुतेकांचं आपोआप थांबतं, पण हिसके कमी करावे लागतात. "उड्या मारणाऱ्या पोरांमध्ये खूप दिसतं," ते म्हणाले. "हिला काय करायला लावता तुम्ही?"

काय करायला लावतो? चौकात बसवतो. गुडघे पूर्ण मिटलेले, टाचा उचललेल्या, पाठीत 'खो' पडला की क्षणात वर. खो-खोचा सगळा वेग त्या उठण्यातच असतो. मी मनातल्या मनात मोजलं. एका सरावात 150 ते 200 उठणी. सकाळ-संध्याकाळ दोन सराव. आठवड्यातले सहा दिवस, दिवाळीचे चार दिवस सोडून वर्षभर. धावणं बंद करून, कबड्डी बंद करून मी तिचे पाय जपत होतो, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला तीच एक हालचाल उरली होती.

डॉक्टरांनी एक्स-रेच्या पाकिटावर तास मांडायला लावले. सकाळी 2, संध्याकाळी अडीच, गुणिले 6. 27 तास. "ढोबळ नियम असा," ते म्हणाले, "मुलाचं वय जेवढं, त्याहून जास्त तास आठवड्यात बांधीव सराव नको. हिचं वय 13." अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा 2016 चा अहवालही त्यांनी सांगितला. 15-16 वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या, आणि वर्षात एकूण तीन महिने मुख्य खेळापासून लांब ठेवा, एकेक महिना तोडून दिलात तरी चालेल.

मी वाद घातला. एवढ्या वर्षांचं बिऱ्हाड एका पाकिटावर कसं मोडायचं? म्हटलं, जिम्नॅस्टिक्सची पोरं सहाव्या-सातव्या वर्षीच एका खेळाला लागतात, त्यांचं काय? ते म्हणाले, "तिथे शरीर पूर्ण भरायच्या आत कळस गाठायचा असतो, म्हणून लवकर सुरुवात करावी लागते. तुमच्या खो-खोतल्या राज्याच्या मुली किती वर्षांच्या असतात?" वीस, बावीस, पंचवीस. मला ठाऊक होतं. तरी एक गोष्ट मी अजून सोडलेली नाही. हुलकावणी दोन-तीन महिन्यांत अंगात येत नाही, तिला लहानपणापासून मैदान लागतं. पण त्यासाठी 27 तास लागतात का, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

परत येताना एसटीत चिमणी खिडकीशी बसली. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही संघातून नाव काढलं असतं."

काढलं असतं. गेल्या वर्षी टाच दुखते म्हणणाऱ्या एका मुलीला मी 'नाटकं' म्हणून राखीव खेळाडूंत बसवलं होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं.

खड्ड्यांतून गाडी हेलकावत होती आणि मला माझंच एक ठरलेलं भाषण आठवत होतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. शाळेत खो-खो खेळायची, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावून दहावी आली. दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलींना मी हे सांगतो, 'आपल्या खेळातून घडलेली पोरगी' म्हणून. तिने खो-खो सोडून धावायला सुरुवात केली, हा भाग मी कधी मोठ्याने उच्चारला नाही. माझ्या हाताखाली असती, तर दारावरचा खडू तिलाही लागू झाला असता. आम्ही प्रशिक्षक 'एकाग्रता' म्हणतो, पण त्यात बरीचशी भीती असते. चांगला पाय दुसऱ्या मैदानाला दिसला तर तो आपला राहणार नाही, ही.

रात्री त्या शिक्षकांना फोन केला. माफी मागायची होती, नीट जमली नाही. ते म्हणाले, "मग बुधवार-शनिवार पाठवता का माझ्याकडे?" म्हटलं, आधी सहा आठवडे कुणाकडेच नाही, डॉक्टरांचे ताणाचे व्यायाम तेवढे. ते हसले. "आणि तेवढ्यात कुठल्या अकादमीने उचलली तर?" त्यावर मी काही बोललो नाही. झोप मात्र लागली नाही, हे खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर 22 मुली होत्या. धुकं होतं, चुन्याच्या रेषा ओल्या. मी सगळ्यांना गोलात उभं केलं आणि विचारलं, कुणाचा गुडघा दुखतो? एकही हात वर झाला नाही. चिमणी कडेला दगडावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "नाव काढणार नाही. उठताना कुणाला दुखतं?"

बराच वेळ गेला. मग मागच्या बाजूने एक हात, मग दोन. शेवटी सात. त्यातल्या दोघी अकरा वर्षांच्या.

त्या सकाळी एकीलाही चौकात बसवलं नाही. खोलीतून व्हॉलीबॉल काढून दिला. फार वाईट खेळल्या.