कुत्र्यांचे फोटो काढते म्हणून अडलेलं कर्ज : माझा अनुभव

बँकेच्या त्या शाखेसमोरून गाडी नेताना अजून माझ्या कपाळाला आठी पडते. कर्ज मिळालं, हप्तेही वेळेवर जातात, तरी पडते. कुणी कॅमेऱ्यासाठी मुद्रा कर्ज (छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतलं) काढणार असेल तर त्याचे हेलपाटे तरी वाचावेत म्हणून लिहायला बसले आहे.

मी जळगावची. कुटुंबांचे फोटो काढते. घराच्या ओट्यावर, मळ्यात, मेहरूण तलावाच्या काठी, जिथे ती माणसं मोकळी असतील तिथे. घरात कुत्रा असेल तर त्याला सोडून काढत नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही. एवढ्यावर भागतं का, असं नातेवाईक विचारतात. भागतं. माणसं ओळीत उभी राहिली की अवघडतात, पोट आत घेतात, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. तेवढ्यात कुत्रं मधे घुसतं, कुणाच्या तरी पायावर बूड टेकतं आणि सगळ्यांचे हात त्याच्या पाठीकडे जातात. वर्षभर धड न बोललेल्या बापलेकांचेही जाताना मी पाहिले आहेत. त्यासाठी मी पहाटे साडेचारला उठते आणि मला ते कधीही जड जात नाही.

अडचण जुन्या कॅमेऱ्याची होती. माणसाचा चेहरा तो पकडायचा, पण कुत्रं धावत आलं की फोकस नाकावर आणि डोळे धूसर. नव्या कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा ओळखून धरून ठेवणारा ऑटोफोकस असतो. सोबत लांबून फोटो घेता येणारी 70-200 ची लेन्स हवी होती, कारण परकं माणूस फार जवळ आलं की बुजरं कुत्रं शेपटी पोटात घालतं. दोन्ही मिळून कोटेशन झालं 2,86,000 रुपयांचं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की अर्ज करायचा आणि कानबाईपर्यंत कॅमेरा हातात, असा माझा हिशोब. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिचा प्रसाद, रोट, खायला सुरत, पुणे, मुंबईहून सगळी भाऊबंदकी गावी येते. चार पिढ्या एका अंगणात दिसण्याचा वर्षातला तोच दिवस.

कागद गोळा करणं सोपं गेलं. शॉप ॲक्टची, म्हणजे धंदा सुरू असल्याची, सूचना ऑनलाइन भरली (कामगार थोडे असतील तर नुसती सूचना पुरते), आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, सगळं आठवड्यात झालं.

मग बँक. पहिल्याच दिवशी सातबारा आणि जामीनदार आणायला सांगितलं. मुद्रा योजना 2015 पासून सुरू आहे आणि तिचं कर्ज विनातारण असतं. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. हे पाठ करून जा. मी पाठ करून गेले नव्हते, म्हणून सासऱ्यांचा सातबारा काढून आणण्यात माझे चार दिवस गेले.

दुसऱ्या खेपेला बँकेतल्या साहेबांनी उद्यमचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र वाचलं आणि विचारलं, "मॅडम, तुमची पशुवैद्यकाची पदवी कुठे आहे?" मला कळेचना. उद्यमचा फॉर्म मी सायबर कॅफेत भरून घेतला होता. तिथल्या मुलाने कुत्रे ऐकलं आणि 7500 हा कोड टाकला. तो जनावरांच्या दवाखान्याचा. छायाचित्रणाचा 7420 ने सुरू होतो. उद्यमची नोंदणी आणि दुरुस्ती दोन्ही सरकारच्या पोर्टलवर फुकट आहेत, मी त्या मुलाला 500 रुपये दिले होते. आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर स्वतःच भरा आणि व्यवसायाचा कोड स्वतः वाचा.

कोड सुधारला तोवर जून उजाडला. आता फाइल अडली जागेवर. "स्टुडिओ कुठे आहे?" स्टुडिओ नाही, मी लोकांकडे जाते. "मग पाहणी कशाची करायची?" फील्ड ऑफिसर रजेवर गेले, मग त्यांची बदली झाली, मग फाइल सापडेना. मी नव्याने सगळ्या झेरॉक्स दिल्या. कोटेशनची तीस दिवसांची मुदत संपली, दुकानदाराकडून पुन्हा आणलं. दर सोमवारी जायचे. बाकावर बसून पंख्याखाली दीड-दोन तास, आणि शेवटी "पुढच्या आठवड्यात बघू". एकदा काउंटरच्या आतून ऐकू आलं, "कुत्र्यांच्या फोटोंना कोण पैसे देतं?" त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. सहा वर्षं मी कर भरते आहे, माझ्या वहीत प्रत्येक ऑर्डर तारखेनिशी आहे, आणि तिथे कुणी ती वही उघडून पाहिली नव्हती.

मग दोन गोष्टी केल्या. नाकारत असाल तर कारण लेखी द्या, असा अर्ज देऊन पोच घेतली. आणि वर्षभराच्या ऑर्डरींच्या वहीशेजारी यूपीआयने आलेल्या पैशांची यादी लावली, तारखेला तारीख जुळवून. हे मी मे महिन्यातच करायला हवं होतं. पुढच्याच आठवड्यात नवीन आलेल्या फील्ड ऑफिसरचा फोन आला, "ताई, पाहणीला कुठे येऊ?" म्हटलं, उद्या सकाळी साडेसहाला रावेर रस्त्यावरच्या मळ्यात या, माझं काम तिथेच चालतं.

ते आले. केळीच्या बागेत आत फोटो काढला तर पानांची हिरवी झाक चेहऱ्यांवर उतरते आणि माणसं आजारी दिसतात, म्हणून मी सगळ्यांना बांधावर बसवलं होतं. मधे त्या घरचे आजोबा, जिभाऊ, पांढरी टोपी, पायाशी त्यांचा काळू. पांढरी टोपी आणि काळा कुत्रा एका फोटोत सांभाळणं अवघड. टोपीची शिवण दिसेल एवढाच उजेड घेतला, काळूचे केस नंतर संगणकावर उजळता येतात. पण काळू माझ्याकडे बघेना. त्याचं सगळं लक्ष फाइल काखेत धरून उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे. मी त्यांना म्हटलं, "साहेब, माझ्या पाठीमागे या, अगदी डोक्याच्या रेषेत." ते आले. काळूची नजर सरळ लेन्समध्ये. जिभाऊ वाकून त्याला म्हणाले, "हालू नको रे भो, आपला फोटू काढाना शे." ते वाकणं आणि ती नजर, दोन्ही एकाच फोटोत आली. नंतर साहेबांनी ओट्यावर बसून कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला आणि वही पहिल्या पानापासून वाचली. अहवालात त्यांनी लिहिलं, "व्यवसाय प्रत्यक्ष सुरू आहे."

मंजुरी आली कानबाईच्या विसर्जनानंतर तीन दिवसांनी. त्या वर्षीची कानबाई मी जुन्याच कॅमेऱ्यावर काढली. एका घरातली पणजी त्यानंतर दिवाळी पाहू शकली नाही. तिच्या मांडीवरच्या पिलाचे डोळे त्या फोटोत धूसर आहेत. माझा राग आहे तो तिथे आहे.

राहून गेलेलं सांगते. कर्जाचे पैसे बहुतेक वेळा थेट दुकानदाराच्या खात्यावर जातात, तेव्हा कोटेशनवर त्याच्या खात्याचा तपशील बरोबर हवा. मुद्रामध्ये सबसिडी नसते, ती मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. आधार आणि पॅनवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं असू द्या, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर आधी हेच बघावं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कुत्र्याचे फोटो सकाळी आठच्या आत संपवा. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवत नाही.

नवा कॅमेरा पोळ्याच्या दोन दिवस आधी आला. पहिला फोटो काळूचाच घेतला. रंगवलेल्या शिंगांच्या बैलाच्या पुढे तो धावत येत होता, चारही पाय जमिनीवरून सुटलेले, मागे जिभाऊंची नातवंडं ओरडत. मोठा करून पाहिला तर त्याच्या डोळ्यात मी दिसत होते, गुडघ्यावर बसलेली.