तीन हात खडक

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साताऱ्यात चर्चमागच्या हॉलमध्ये आमचं मंडळ भरतं. मंडळ म्हणजे वीस-बावीस खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि बायबलमधल्या जागी झालेल्या उत्खननांबद्दल बोलायची हौस. शाळेत मी इतिहास शिकवतो. इथंही तेच, फक्त पेपर तपासावे लागत नाहीत. येणारे निम्मे चर्चचे, निम्मे गडकिल्ले पायांखाली घालणारे.

त्या शनिवारी विषय होता हिज्कीयाचा बोगदा. अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून येणार, तेव्हा यहूदाच्या हिज्कीया राजानं यरुशलेमच्या गीहोन झऱ्याचं पाणी खडक फोडून शिलोहच्या तळ्यात आणलं, ती गोष्ट. लांबी ५३३ मीटर आणि एवढ्या लांबीत उतार जेमतेम ३० सेंटिमीटर! १८८० साली तळ्याकडच्या तोंडाशी एका पोराला भिंतीवर अक्षरं दिसली. सहा ओळींचा लेख. पुढं कुणीतरी तो छिन्नीनं काढला, त्यात तो फुटला. आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

स्लाइड संपायच्या आत नेहमीचा प्रश्न आला. “सर, म्हणजे बायबल खरं ठरलं ना?”

या प्रश्नाला मी घाबरतो. राजानं पाणी शहरात आणल्याचं बायबलमध्ये, २ राजे २०:२० मध्ये आहे, बोगद्याच्या गिलाव्यातल्या वनस्पतींचं वय तपासून २००३ मध्ये इ.स.पू. ७०० च्या आसपासचा काळही निघाला, हे सांगितलं. पण लेखात ना राजाचं नाव, ना देवाचं, हेही सांगावंच लागलं. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे हिरमुसले.

“मग लिवलंय तरी काय त्यात?” मागून आवाज आला. सत्तरीचे एक काका, सुनेबरोबर पहिल्यांदाच आलेले.

मी अर्थ सांगितला. दोन टोळ्या दोन्ही तोंडांकडून खोदत आल्या. तीन हात खडक उरला, तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली. मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहिलं.

काका उठून पडद्यापाशीच आले. “नकाशा लावा जरा.” बोगदा नागासारखा वळत गेलेला. मधल्या भागात दोन-तीन आंधळी भोकं आहेत, ती मी दर वेळी चुकीची खोदाई म्हणून उरकतो. काकांनी बोट तिथंच टेकवलं. “चुकले न्हाईत, आवाजावर वळलेत. खडकात आवाज फसवतो, सर. डावीकडनं आल्यागत वाटतो आन् असतो उजवीकडं.” कोयनेच्या बोगद्यांत त्यांची उमेद गेली होती. पलीकडचं ड्रिल ऐकू यायला लागलं की एका बाजूचं काम थांबवायचे, सुरुंगाच्या वेळी माणसं मागं घ्यायचे, हे सांगताना त्यांचा तळहात नकळत हॉलच्या भिंतीवर टेकला होता. “कुदळीच्या खुणा कुठं उलट्या होत्यात बघा. तितंच भेटले.”

ती स्लाइड माझ्याकडं होती. वेळ पुरणार नाही म्हणून गाळलेली. शोधून लावली. एका जागी खुणांची दिशा खरंच फिरते. गडवाली पोरं खुर्च्या सोडून पुढं येऊन बसली. दिवे कशावर जळत असतील, आत हवा कशी खेळत असेल, यावर तासभर गेला. बायबल खरं की खोटं हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

निघताना काकांनी नकाशाची प्रत मागून घेतली, चार घड्या घालून खिशात ठेवली.

“पुढच्या महिन्यात यरीहोची तटबंदी आहे,” मी म्हटलं. “नक्की या.”

“तितं बोगदा हाय का?”

“नाही.”

“मग बघू,” म्हणाले आणि चपला शोधायला लागले.