तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राऊन बेल्ट परत का केला

बर्डीवर भेटलेल्या जुन्या मैत्रिणीपासून कराटे क्लासमधल्या पालकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न. "सर स्वतःहून देऊन राहिले होते, मग परत काहून केला?" विचारणाऱ्यांनी उत्तर बहुतेक आधीच ठरवलेलं असतं. काहींना मी फार विनम्र वाटते, काहींना मला भाव खायचा होता असं वाटतं. दोन्ही ऐकून मी थकले आहे. म्हणून एकदाच, नीट, सगळं लिहिते.

पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी शोतोकान कराटे शिकायला लागले, हे तुम्हाला माहीत आहेच. मार्चअखेरच्या ग्रेडिंगला मी निळ्या बेल्टवर होते आणि परीक्षा जांभळ्याची, म्हणजे चौथ्या क्यूची देत होते. क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टच्या खालच्या पायऱ्या; आकडा लहान तितकी पायरी वरची. निकालात माझ्या नावापुढे तिसरा क्यू निघाला. ब्राऊन. डबल प्रमोशन.

तुम्ही धरून चालता की मला ते फार लवकर वाटलं. तसं असतं तर सरांनी मला तिथेच गप्प केलं असतं. त्यांना कराटेचा इतिहास पाठ आहे. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी १९२४ साली पहिले ब्लॅक बेल्ट दिले, त्यात त्यांचे शिष्य ओत्सुका होते, आणि ते फुनाकोशींकडे आले होते १९२२ मध्ये. दोन वर्षांत ब्लॅक. मी म्हणाले, पण सर, ओत्सुका लहानपणापासून जुजुत्सू करत होते, कोरे आले नव्हते. यावर आमचा चांगला वाद झाला. पण तो वाद वर्षांचा होता, आणि वर्षांचं मला तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. एखादीचं अंग लवकर वळतं, तिला लवकर द्यावा. मधली तेक्की शोदान ही काता, म्हणजे एकट्यानं करायची ठरलेल्या हालचालींची मालिका, सुटत होती, तेवढी खंत होती. ती सगळी काता किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून, बसून फक्त डावी-उजवीकडे सरकायची असते. मांड्या पेटतात, आणि माझ्या मांड्यांना त्याची गरज होती. पण ती काय, नंतरही करता आली असती.

माझं म्हणणं कुमितेबद्दल, म्हणजे समोरासमोरच्या लढतीबद्दल आहे.

ग्रेडिंग एका समाजभवनात होतं. बाहेर ऊन कडक, आत दोन मोठे कूलर, त्यांच्या दमट हवेनं मॅट ओलसर झालेली. हेइआन गोदान ही काता माझी चांगली झाली, उडीनंतर तोलही गेला नाही, त्याचे गुण मी आजही हक्कानं मागेन. मग जियू इप्पोन, कुमितेचाच एक प्रकार. माझ्यासमोर एक सतरा वर्षांचा ब्राऊन बेल्ट मुलगा आला. ज्यांनी हे केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: यात हल्ला करणारा आधी जागा ओरडून सांगतो आणि मग एकच हल्ला करतो. पण तो खरा करायचा असतो. ठोसा शेवटी आवरायचा असतो, हे ठीक, पण समोरची व्यक्ती हललीच नाही तर तो तिच्यापर्यंत पोचला पाहिजे. पोचत नसेल तर माझा ब्लॉक कसला अडवतोय?

तो "जोदान!", म्हणजे चेहऱ्यावर, असं ओरडला आणि पुढे आला. मी आगे उके, म्हणजे डोक्यावरचा ब्लॉक, वर घेतला, आणि हाताला काहीच लागलं नाही. त्याचा हात माझ्या चेहऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबला होता, शिवाय कानाच्या बाजूला. मी उलटा ग्याकू झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारला, किआईची आरोळी काढली, टाळ्या पडल्या. चुदानला, म्हणजे पोटावरच्या ठोशालाही तेच. माए गेरीला, म्हणजे समोरच्या लाथेला, तर त्यानं पाय अर्धाच उचलला. प्रत्येक वेळी माझा प्रतिहल्ला बाहेरून फार सुरेख दिसला असणार, कारण मला अडवणारं काही नव्हतंच. बाहेरगावचे परीक्षक मान हलवत होते. पोरं ओरडत होती, "काकू, काकू!"

मला तेव्हाच कळलं होतं. तरी वाटलं, मुलगा लाजला असेल. बाहेर पाण्याच्या कॅनपाशी त्याला विचारलं, "एवढ्या लांब का थांबत होतास रे?" तो अगदी सरळपणे म्हणाला, "सरांनी सांगितलं होतं ना काकू, काकूले हळूच मारजो म्हणून." त्याला त्यात काहीच गैर वाटत नव्हतं. वाटायचं कारणही नव्हतं. घरी आईशी वागावं तसा तो माझ्याशी वागला होता.

अर्ध्या तासानं माझं नाव पुकारलं आणि परीक्षकांनी ब्राऊन बेल्ट माझ्या हातात ठेवला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिथे मी काही बोलू शकले नाही. वाकले, बेल्ट घेतला, घरी आणला.

आता इथे मला माझ्याच जुन्या बोलण्याशी भांडायचं आहे. त्या दिवसांत मी सगळ्यांना सांगत फिरले की मला बेल्टचं काही नाही, तो नुसता रंग आहे. पुरावाही द्यायची: जुडोचे संस्थापक कानो यांच्याकडे सुरुवातीला पांढरा आणि काळा एवढंच होतं, हे मधले रंग जुडोशिक्षक कावाइशींनी १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिष्यांचा हुरूप टिकावा म्हणून रूढ केले. ऐकायला छान वाटायचं. पण नुसता रंग असेल तर घ्यायला काय हरकत होती? आणि त्या रात्री आरशासमोर मी तो कमरेला बांधून का पाहिला? मला तो हवा होता. फार हवा होता. म्हणूनच तो कशासाठी मिळाला याला एवढं महत्त्व होतं. हे तेव्हा म्हटलं असतं तर "भाव खाते" असं म्हणायला कुणाला जागा उरली नसती, असं आता वाटतं. किंवा जास्तच उरली असती.

सकाळी पोरं गेल्यावर मी बेल्ट आणि सर्टिफिकेट सरांपुढे ठेवलं. मी म्हणाले, "आधी मला खरं लढू द्या, मग द्या."

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, बेल्ट द्यायचा की नाही हे मी ठरवतो. माझ्यावर भरोसा नाही का तुमचा?" मी म्हटलं, भरोसा आहे म्हणूनच आले. ते म्हणाले, "तुमच्या वयाच्या बाईला मी सतरा वर्षांच्या पोराच्या मापानं मोजू काय? तुम्ही जिथून सुरू केलं तिथून मोजलं मी. अन् तुमचं नाक फुटलं असतं तर भाऊंना काय तोंड दाखवलं असतं?"

यातलं पहिलं वाक्य मला आजही खोडता येत नाही. कराटेत शिष्यानं बेल्ट मागायचा नसतो, तसा नाकारायचाही नसतो. नाकारणं म्हणजे गुरूपेक्षा मला जास्त कळतं असं म्हणणं. जिथून सुरुवात केली तिथून मोजायचं, हेही मला पटतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाची काता वेगळ्या नजरेनं पाहावीच. पण काता मी एकटी करते. कुमिते दोघांची असते, आणि त्यातल्या एकाला न लढायला सांगितलं तर मोजायला उरतं काय? माझा ब्लॉक चालतो की नाही हे सरांना त्या दिवशी कळलं नाही. मलाही कळलं नाही. आजवर कळलेलं नाही.

सर त्यानंतर कित्येक आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. ते मला फार लागलं. जांभळाही मिळाला नाही. "आता पुढच्या वेळी बघू," एवढंच. मी अजून निळ्यावरच आहे.

सगळ्यात कठीण प्रश्न पालकांचा, खरं तर आयांचा. उन्हाळ्यात मुलींची वेगळी बॅच सुरू व्हायची होती. आमच्या क्लासमध्ये ब्राऊनच्या खाली कुणी शिकवत नाही, आणि बाईच शिकवणारी हवी असं त्यांचं म्हणणं होतं. मी बेल्ट परत केला आणि बॅच झाली नाही. एक आई मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या तत्त्वापायी आमच्या पोरी घरी बसल्या, ताई." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्या मुली खरंच घरी बसल्या. माझ्याकडे त्या काहीतरी शिकल्या असत्या, निदान मोठ्यानं ओरडायला आणि पाय रोवून उभं राहायला. हे काही थोडं नाही.

पण त्यांना मी ब्लॉक कसा शिकवला असता? माझ्यावर कुणी खरा ठोसा टाकलेलाच नाही. बाई आहे, वयानं मोठी आहे, म्हणून सांभाळून घेतलेल्या एका बाईनं मुलींना सांगायचं की हा असा हात वर घेतलास की तू वाचतेस? रस्त्यावरच्या माणसाला कुणी "हळूच मारजो" सांगणार नाही. त्या मुलीनं माझ्या कमरेच्या रंगावर विश्वास ठेवला असता. हे मी त्या आईला सांगितलं. तिला पटलं नाही. ती म्हणाली, काहीच न शिकण्यापेक्षा तेवढं तरी बरं. रात्री पडल्या पडल्या मला तिचंही बरोबर वाटतं.

दिवाळीआधीच्या ग्रेडिंगचा फॉर्म मी भरला आहे, जांभळ्याचा. त्या मुलाला सांगितलं, या वेळी पोचव. तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. मग मीच सरांना विचारलं, माझ्यासमोरच्याला काही सांगणार नाही ना? सर म्हणाले, "बघू ताई." आणि पुन्हा ब्राऊन हातात ठेवला तर काय करशील, असंही आता लोक विचारायला लागले आहेत. समोरचा कसा लढला त्यावर ते ठरेल, आणि मुलींची बॅच तोवर झालेली नसेल तर कदाचित त्यावरही.