ओजिसानची खानावळ, आणि त्यांची एक अट

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे ओजिसान (म्हणजे काका, इथे सगळे तसंच म्हणतात) मला आणि नवऱ्याला त्यांच्या नेहमीच्या खानावळीत जेवायला घेऊन गेले. जेवण झाल्यावर बाहेर येऊन ते जे बोलले ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

टोकियोतल्या निशिकासाईत आमचं हे चौथं वर्ष. इथे आपली माणसं भरपूर, २००० च्या आसपास वायटूकेच्या (कॉम्प्युटरमधल्या सन २००० च्या तारखांच्या दुरुस्तीच्या) कामाला इंजिनियर लोक आले, तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं सोपी पडतात म्हणून इथेच स्थिरावले, त्यामुळे हिंग, तूरडाळ, डोसा कशाचीच ददात नाही. पण तीन वर्षं राहून एकही जपानी हॉटेल मला "हे आपलं" म्हणता येत नव्हतं याची मनात खंत होती. मी शाकाहारी, आणि इथे सगळी अडचण दाशीची. सुक्या माशाच्या किसाचं ते पाणी मिसो सूपमध्ये असतं, नूडल्सच्या रश्श्यात असतं, दिसायला निव्वळ पालेभाजी असली तरी तिच्यातही असतं. मांस नको म्हटलं की लोक मनापासून मान डोलावतात आणि मासा वाढतात, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हेच.

ऑफिसात विचारून झालं होतं. "इथलं चांगलं हॉटेल सांगा ना" म्हटलं की सगळे मला डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर पाठवायचे, जिथे काचेच्या कपाटात मेणासारखे नकली पदार्थ मांडलेले असतात. आधी वाटायचं यांना सांगायचंच नाहीये. नंतर कळलं की पाहुण्याला आपल्यामुळे वाईट अनुभव आला तर काय, ही भीती त्यांना खरंच असते, म्हणून ते ज्यात धोका नाही असंच नाव सांगतात. त्यांच्याकडे अनाबा म्हणून शब्द आहे, मोजक्या लोकांना माहीत असलेली भारी जागा. ती अशी सहज सांगत नाहीत.

मग ओजिसानना मी प्रश्नच बदलून विचारला. तुम्ही स्वतः शनिवारी दुपारी कुठे जेवता? ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले अगदी साधं, जुनाट ठिकाण आहे, तुम्हाला आवडायचं नाही. मग त्यांनी खिशातून वही काढून मी काय काय खात नाही ते एकेक विचारून लिहून घेतलं, आणि आठवड्याने दार वाजवून म्हणाले, शनिवारी साडेअकराला चला.

आठ खुर्च्या. दारावर धुऊन धुऊन विटलेला निळा नोरेन (कापडी पडदा, तो बाहेर टांगलेला असला की दुकान उघडं), भिंतीवर हाताने लिहिलेल्या पदार्थांच्या पट्ट्या, आत सत्तरीचे नवरा-बायको. ओजिसान बसले आणि काही न सांगता त्यांच्यासमोर त्यांचं ताट आलं. माझ्यासमोर आलेल्या वाटीत कोमात्सुना नावाची पालेभाजी होती. उकडून, पिळून, बोटभर लांबीचे एकसारखे तुकडे करून जुडीसारखे उभे रचलेले, आणि तळाशी दोन चमचे पातळ रस. आजींनी मला आत बोलावून पातेलं दाखवलं, पाण्यात कोम्बूचा काळसर पट्टा तरंगत होता, म्हणजे समुद्रातली वनस्पती. काल रात्रीच भिजत घातलं, मासा नाही, असं दोनदा सांगितलं. मला एकदम भरून आलं. माझ्या एका वाटीसाठी ती बाई आदल्या रात्रीपासून तयारीत होती.

आणि भाजी काय सुरेख! पालकाच्या जवळची, पण उग्र नाही, देठ करकरीत. ही इथलीच, आमच्या एदोगावा वॉर्डातल्या कोमात्सुगावा भागावरून तिचं नाव. आठवा शोगुन (म्हणजे तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) योशिमुने शिकारीला आला असता त्याला ती वाढली आणि त्यानेच नाव दिलं असं सांगतात. चार वर्षं ही भाजी मी सुपरमार्केटमधून आणून लसणाची फोडणी देऊन खातेय आणि मला हे माहीत नव्हतं.

माणशी ९०० येन झाले. टिप द्यायची पद्धतच नाही.

बाहेर आल्यावर मी सवयीने पाटीचा फोटो काढायला फोन वर केला आणि ओजिसान अगदी हळू, मान झुकवून म्हणाले, कृपा करून इंटरनेटवर टाकू नका.

खरं सांगते, मला लागलं ते. एवढ्या प्रेमाने घेऊन आले आणि वर अविश्वास? आपल्याकडे चांगली मिसळ सापडली की माणूस दहा जणांना सांगतो, नुसता सांगत नाही, गाडीत घालून नेतो. मी सांगलीची, आमच्याकडे कोणाची मिसळ भारी यावर दोन भाऊ भांडतात. मालकाची भरभराट व्हावी म्हणूनच ना सांगतो आपण? यात काय चुकलं? घरी येईपर्यंत नवऱ्याशी मी हेच बोलत होते, की यांचा आपलेपणा मोजूनमापून असतो, आपला तसा नाही.

दोन दिवसांनी ओजिसाननीच सांगितलं. आधी ते दुसऱ्या एका दुकानात जायचे, वीस वर्षं. तिथे टीव्हीवाले येऊन गेले आणि दुसऱ्या दिवसापासून रांग. नेहमीच्या म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं राहवेना, ती तुटली. तीन महिन्यांनी रांगही गेली. मग मालकाने दुकान बंद केलं.

यावर मला बोलता आलं नाही. इथे ताबेलॉग म्हणून साइट आहे, २००५ पासूनची, पाचपैकी साडेतीन मिळाले तरी लोक मानाने बघतात, आपल्याकडे साडेतीनवाल्या हॉटेलात आपण पायही ठेवत नाही. त्या खानावळीला तिथे किती आहेत ते मी बघितलंच नाही, आणि तुम्ही नाव विचारू नका, मी सांगणार नाहीये. तरी माझं पूर्ण पटलेलं नाही हेही लिहून ठेवते. सगळ्यांनीच असं जपून ठेवलं तर माझ्यासारख्या नवख्या बाईने आत शिरायचं कसं? मला ओजिसान भेटले. नाहीतर अजून मी त्या नकली पदार्थांच्या काचेसमोरच उभी असते.

परवा चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीने विचारलंच, ते तुमचं हॉटेल कुठे गं, लोकेशन पाठव. म्हटलं पाठवत नाही, घेऊन जाते. ती कांदा-लसूण खात नाही, आणि तिथे मिसो सूपवर कांद्याची पात असते, म्हणून आधी ओजिसानकडे गेले. त्यांनी वही काढली, माझ्या नावाखाली एक रेघ ओढली आणि लिहिलं, अजून एक, पात नको.