सर्व्हरचं घड्याळ

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं आहे. १२ विंडोज पीसी, एक विंडोज सर्व्हर, सगळ्यांचं लॉगिन डोमेनवर, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड त्या सर्व्हरवर एकाच जागी. फाईली ठेवायला जागा पुरेना आणि नवीन मशीनला शेठ पैसे सोडेनात, म्हणून अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, विंडोजवाल्यांना फाईली देणारं सांबा बसवलं आणि म्हटलं यालाही डोमेनमध्येच घेऊ, म्हणजे पोरांना वेगळा पासवर्ड नको.

पहिला अख्खा दिवस 'रेल्म डिस्कव्हर' ही डोमेन शोधायची कमांड मारण्यात गेला, डोमेन काही सापडंना. डीएनएस, म्हणजे नावावरनं पत्ता सांगणारा, राउटरचा दिलेला मी! डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे लॉगिन तपासणारा तो विंडोज सर्व्हर, कुठं बसलाय हे डीएनएसमधल्या एसआरव्ही नावाच्या नोंदीवरनं कळतं, राउटरला त्याचं काय घेणं. डीसीचा आयपी टाकला, दोन मिनिटांत जॉइन.

मग महिनाभर सुखात. एका सोमवारी सकाळी साडेनऊला अकाउंटच्या ताईंचा फोन, "दादा, फोल्डर उघडंना, सारखा पासवर्ड मागतंय." माझंही डोमेन लॉगिन चालंना. रात्री लाईट गेलेली, यूपीएसनं कधीच मान टाकलेली. लोकल अकाउंटनं आत गेलो, 'केइनिट' ही डोमेन लॉगिन करून बघायची कमांड मारली तर उत्तर आलं 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळात फार फरक. म्हटलं तारीख तर बरोबर आहे की! तारीख बरोबर, पण वेळ पावणेचार. मदरबोर्डवरचा, लाईट नसताना घड्याळ चालवणारा सेल मेलेला, डब्याचं इंटरनेट मी मुद्दामच बंद ठेवलेलं म्हणून बाहेरनंही वेळ मिळेना, मग बूट होताना त्यानं डिस्कवर शेवटची सेव्ह झालेली वेळ उचलली आणि लाईट नव्हती तेवढे तास मागं राहिला. डोमेनचं लॉगिन ज्यावर चालतं त्या कर्बेरॉसला ५ मिनिटांच्या वर फरक चालत नाही, इथं पावणेसहा तास.

वेळ जुळवणाऱ्या क्रोनी प्रोग्रामला डीसीकडनं वेळ घ्यायला लावलं, गणपती पेठेतनं सीआर२०३२ नंबरचा सेल आणला. शेठचा पुतण्या म्हणतो विंडोज सर्व्हरच काढून टाकू, सांबालाच डीसी करता येतं की. येतं, २०१२च्या सांबा ४.० पासनं येतं, पण चाललेल्या डोमेनला हात लावायला मी काय मोकळा नाही.

ताईंना सांगितलं, घड्याळाचा घोळ होता, ५ मिनिटांच्या वर फरक चालत नाही. त्यांनी भिंतीकडं बघितलं. तिथलं घड्याळ शेठनी मुद्दाम १० मिनिटं पुढं ठेवलंय, पोरं वेळेत यावीत म्हणून. "मग दादा, ह्याचं काय करायचं?"