भाऊबंदांचा किल्ला : बॉनहून बुर्ग एल्ट्झ

सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटले की ढासळलेले बुरूज, पाण्याची टाकी आणि वाड्यांची जोती उभी राहतात. छप्पर, पलंग, चूल हे सारे ज्याचे त्याने कल्पनेने रचायचे असते. म्हणून जर्मनीत बॉनच्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांची एक दिवसाची सहल बुर्ग एल्ट्झ या किल्ल्यावर निघणार असल्याचे कळताच मी नाव नोंदवले. हा किल्ला आजवर एकदाही उद्ध्वस्त झालेला नाही आणि ८५० वर्षांहून अधिक काळ एकाच घराण्याकडे आहे.

बॉनहून कोब्लेन्झ शहरापर्यंतचा रेल्वेप्रवास ऱ्हाईन नदीच्या काठाने होतो. सगळ्यांकडे डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरातल्या साध्या गाड्यांना चालणारा पास, असल्यामुळे वेगळा खर्च नव्हता, मात्र हे तिकीट वेगवान गाड्यांना चालत नसल्याने प्रत्येक लहान स्थानकाचे दर्शन घेत जावे लागले. कोब्लेन्झला ऱ्हाईन आणि मोझेल यांचा संगम आहे. तिथे ट्रियरच्या दिशेची लोकल धरली, तिने गावाबाहेर मोझेल ओलांडली आणि मग नदी डाव्या खिडकीत आली ती शेवटपर्यंत. पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर द्राक्षवेली लावलेल्या आहेत, आणि त्या मांडवावर न चढवता जुन्या पद्धतीने प्रत्येक वेल आपापल्या खुंटाला बांधलेली दिसते. आमच्यातला नाशिककर हे पाहून बराच वेळ अस्वस्थ होता. इतक्या चढावर फवारणी कशी करत असतील, हा त्याचा प्रश्न कोलंबियाच्या आणि जॉर्जियाच्या मंडळींनी फारसा मनावर घेतला नाही.

आम्ही उतरलो ते मोझेलकेर्न हे अगदी छोटे गाव आहे. गाव संपले की एल्ट्झबाख या ओढ्याच्या काठाने रानातली पायवाट सुरू होते. वाट सोपी आहे, पण दाट झाडीमुळे किल्ल्याचा मागमूसही लागत नाही, आणि मग एका वळणावर सुमारे ७० मीटर उंच खडकावर टोकदार छपरांची ती सगळी गर्दी एकदम समोर येते. जर्मनीच्या जुन्या ५०० मार्कांच्या नोटेच्या मागच्या बाजूला हेच चित्र होते. ओढ्याने या खडकाला तिन्ही बाजूंनी वळसा घातलेला आहे.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती दाटीची. चौक एवढा अरुंद आहे की वरचे मजले पाहायला मान पुरती मागे टाकावी लागते, आणि चारी बाजूंनी लाकडी चौकटीच्या भिंती, सज्जे, बाहेर आलेल्या खिडक्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. याचे कारण घराण्याच्या इतिहासात आहे. ११५७ च्या एका शाही दानपत्रावर साक्षीदार म्हणून रुडॉल्फ फॉन एल्ट्झ याचे नाव येते; पुढे तेराव्या शतकात भावांमध्ये वाटण्या झाल्या आणि केम्पेनिख, र्‍यूबेनाख व रोडेनडोर्फ अशा तीन शाखा याच खडकावर आपापली घरे बांधून राहू लागल्या. पुण्या-साताऱ्याकडच्या सामाईक वाड्यात चुलत्यांच्या चुली वेगळ्या आणि चौक एकच असतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे जागा बाजूला वाढणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येकाने घर वरवर चढवत नेले.

सर्वांच्या बैठकीची जागा म्हणजे शूरवीरांचे दालन. तिथल्या भिंतीवर विदूषकांचे मुखवटे आहेत, म्हणजे इथे कोणीही मोकळेपणाने बोलावे; आणि दारावर गुलाब कोरलेला आहे, म्हणजे बोललेले बाहेर जाऊ नये. भाऊबंदकीवर इतका शहाणा तोडगा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. र्‍यूबेनाखांच्या दालनात थोरल्या लुकास क्रानाखने रंगवलेली द्राक्षांसह मरियम आणि बाळ येशू आहेत. वरच्या शयनगृहात वेलबुट्टीने रंगवलेल्या भिंती आणि भिंतीतच काढलेले शौचालय आहे. आमच्या गटाने सर्वांत जास्त प्रश्न या शौचालयाविषयीच विचारले. आत छायाचित्रे काढायला मनाई आहे, त्यामुळे सगळे नाइलाजाने का होईना, नीट पाहत होते.

किल्ल्यावर संकटे आलीच नाहीत असे नाही. ट्रियरचा आर्चबिशप, म्हणजे धर्मगुरू आणि त्या भागाचा सत्ताधीशही असलेला, बाल्डुइन याने १३३१ मध्ये वेढा घातला आणि समोरच्या टेकाडावर ट्रुट्सएल्ट्झ नावाची छोटी गढी बांधून तिथून दगडांचा मारा केला. अखेर एल्ट्झांना त्याचे मांडलिकत्व पत्करावे लागले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी ऱ्हाईनकाठचे किल्ले एकामागून एक उडवले, तेव्हा फ्रेंच सैन्यात अधिकारी असलेल्या घराण्यातल्याच एका माणसाने हा वाचवला. तटबंदीपेक्षा तडजोड आणि नातीगोती यांच्या जोरावर टिकलेला हा किल्ला आहे, असे माझे मत तिथेच झाले. १८१५ पासून संपूर्ण मालकी केम्पेनिख शाखेकडे आली. आजचे मालक त्याच शाखेतले आहेत.

परतताना वेळ होता म्हणून ट्रुट्सएल्ट्झच्या अवशेषांपर्यंत चढून गेलो. तिथे काही भिंती उरल्या आहेत आणि वेढा घालणाऱ्याला जसा दिसला असेल तसा अख्खा किल्ला तिथून खाली दिसतो. जाणाऱ्यांनी मोटारीने वाहनतळावर न उतरता मोझेलकेर्नहून चालतच यावे. मात्र हिवाळ्यात किल्ला बंद असतो, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर याच काळात बेत आखावा.